घरघंटी आणल्यापासून सासूबाई गप्प गप्प असतात, काय करू?

विश्रामबागची_सून: नमस्कार, जरा मोठं लिहितेय. आम्ही आधी सांगलीत गावभागात राहायचो, २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं, फ्रिज तरंगून आडवा पडला, सासूबाईंचं जातं तेवढं जागचं हललं नव्हतं. नंतर विश्रामबागला फ्लॅट घेतला. त्यांचे गुडघे दुखतात, दळणाचा डबा घेऊन जिने उतरायला नको म्हणून दिवाळीत घरघंटी, म्हणजे घरातली छोटी गिरणी, आणली. खरंच त्यांच्यासाठीच आणली हो. पण आता त्या दिवसभर खिडकीत बसून असतात, बोलणं कमी झालंय, आणि भाकरी करताना रोज एकच वाक्य, "पिठाला विरी नाही", म्हणजे चिकटपणा नाही. मिस्टर म्हणतात वय झालंय. मला तसं वाटत नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

कराडकर_काका: ताई, आधी एक सांगतो. आमची आई पहाटे चारला उठून जात्यावर बसायची, ओव्या म्हणायची, ऐकायला गोड वाटायचं, पण तिच्या तळहाताला घट्टे होते ते मी बघितलेत. गावात गिरणी आली तेव्हा ती रडली नाही, सुटली. त्यामुळं मशीन आणलं यात तुमचं काही चुकलं नाही, ते मनातून काढा.

भाकरीवाली: विरीचं त्या खरं बोलतायत! बऱ्याच घरघंट्यांत दगड नसतो, पाती दाणा फोडतात आणि जाळीतून पीठ पडतं. ज्वारीला बारीक जाळी लावली का? गव्हाची जाळी तशीच राहिली तर पीठ रवाळ येतं, थापताना कडा फुटतात. आणि ज्वारी एकदम पाच किलो दळू नका, पीठ जुनं झालं की विरी जाते. जुन्या पिठात कडकडीत पाणी घालून मळलं तर भाकरी जमते, पण ताज्याची चव नाही येत.

साताऱ्याची_लेक: मला वाटतं प्रश्न पिठाचा नाहीच. माझी आई शाहूपुरीत गिरणीत नंबरला डबा ठेवून तासभर बसायची, कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं ऑपरेशन झालं, सगळं तिला तिथंच कळायचं. बायकांना नुसतं बसून गप्पा मारायला जाते असं म्हणता येत नव्हतं ओ, दळण हे निमित्त होतं. तुम्ही दळण घरात आणलं आणि त्यांचं बाहेर पडणंच थांबलं. गहू घरी दळा, ज्वारी बाहेर द्या. डबा मुलाला उचलू दे, त्यांनी नुसतं सोबत जावं.

विश्रामबागची_सून: सगळ्यांना थँक्यू. काल संध्याकाळी मुलाला शाळूचा (ज्वारीचा) डबा देऊन पाठवलं आणि सासूबाईंना म्हटलं त्याला बारीक-जाड कळत नाही, तुम्ही जा. आधी नको नको म्हणाल्या मग पदर नीट करून चप्पल घातली. गिरणी पाच मिनिटांवर आहे, मुलगा डबा ठेवून परत आला आणि त्या दीड तासानं आल्या, बाहीला पीठ लागलेलं. तासगावकडची एक बाई भेटली म्हणे, तिच्या माहेरच्या सगळ्या माणसांची नावं मला रात्री जेवताना सांगितली. भाकरी स्वतः थापली, टम्म फुगली. मी मिस्टरांना मुद्दाम दुसरी भाकरी घ्यायला लावली.

भाकरीवाली ताई, ती बारीक जाळी सुटी मिळते का? सासूबाई म्हणतायत नाचणी घरीच दळू.