मदत हवी आहे : ‘स्टार ट्रेक’ची जुनी मालिका साताऱ्यातील मुलांना मराठीतून कशी दाखवावी?

नमस्कार.

दूरदर्शनवर १९८०च्या दशकात रविवारी सकाळी लागणारी ‘स्टार ट्रेक’ ही अवकाशयानाच्या सफरींची अमेरिकन मालिका ज्यांनी लहानपणी पाहिली आहे, आणि त्यातही इंग्रजी नीट कळत नसताना पाहिली आहे, त्यांची मला मदत हवी आहे. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या पेठेतील नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना या मालिकेचे निवडक भाग दर रविवारी सकाळी दाखवायचे, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. प्रोजेक्टर आहे, पडदा आहे, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोलीही मिळाली आहे. अडचण भाषेची आहे. बहुतेक मुले मराठी माध्यमाची आहेत, आणि जी सेमी-इंग्रजीत शिकतात त्यांनाही साठ वर्षांपूर्वीचे, अमेरिकन उच्चारांतले, भराभर बोललेले संवाद नुसत्या कानांनी पकडता येणार नाहीत.

आम्हालाही ते पकडता येत नव्हते, आणि तरीही ही मालिका आमची झाली, हेच मला सांगायचे आहे. मंगळवार पेठेतील आमच्या वाड्यात सोप्यावर एक शटरचा कृष्णधवल टीव्ही होता आणि रविवारी सकाळी त्याच्यासमोर वाड्यातली व शेजारची मिळून सगळी पोरे जमत. वाड्यात राहणारे एक काका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. ते टीव्हीशेजारी स्टूल घेऊन बसत आणि त्यांचा एक हात आवाजाच्या बटणावर असे. ‘एंटरप्राइझ’ यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा अर्धा परग्रहवासी सहकारी स्पॉक यांचे लांबलचक बोलणे सुरू झाले की काका आवाज थोडा खाली आणून दोन वाक्यांत सार सांगत आणि पुन्हा आवाज वाढवत. सगळे सांगण्याचा अट्टहास त्यांनी कधीच केला नाही. “स्पॉक म्हणतोय, ते जनावर चिडलेलं नाही, दुखावलेलं आहे,” एवढेच ते म्हणत, आणि पुढचे आम्ही चेहऱ्यांवरून समजून घेत असू. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये अवकाशात जाऊन आले होते. आमच्या दृष्टीने अवकाश ही तेव्हा अगदी ताजी, घरात बोलली जाणारी गोष्ट होती, आणि काका ती रविवारी पुढे नेत असत. आज ते हयात नाहीत. त्यांनी आम्हाला जे दिले ते या मुलांपर्यंत पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

म्हणून माझा मुख्य प्रश्न असा की, मराठी उपशीर्षके तयार करावीत, की काकांप्रमाणे एखाद्या मोठ्या माणसाने पडद्याशेजारी बसून निवेदन करावे? उपशीर्षके एकदा लिहिली की कायमची राहतात आणि ती इतर गावांतही वापरता येतील, हा त्यांचा मोठा फायदा मला दिसतो. मात्र दहा वर्षांच्या मुलाची नजर एकदा पडद्याच्या तळाशी अडकली की वरचे बरेच काही निसटते. लिओनार्ड निमॉय यांनी स्पॉकचे काम किती कमी हालचालींत केले आहे! एक भुवई वर जाते आणि अर्धा प्रसंग त्यातच सांगून होतो. ती भुवई पाहायची की अक्षरे वाचायची, अशी ओढाताण मुलांची होऊ नये. माझा कल निवेदनाकडे आहे. पण निवेदन करणाऱ्याने कोठे बोलावे, कोठे गप्प राहावे आणि कोणते रहस्य आधीच फोडू नये, याची संहिता भागागणिक लिहावी लागेल, आणि तेथे मला अनुभवी माणसांचा आधार हवा आहे.

उदाहरण म्हणून ९ मार्च १९६७ रोजी अमेरिकेत प्रथम प्रसारित झालेला ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग घेतो, कारण सुरुवात याच भागाने करावी असे मला ठामपणे वाटते. एका परग्रहावरील खाणीत कोणीतरी कामगारांना एकामागून एक मारत आहे आणि ‘एंटरप्राइझ’ त्यांच्या मदतीला जाते. मारणारा प्राणी कार्बनऐवजी सिलिकॉनपासून बनलेला आहे आणि खडकातून वाट काढत तो सहज फिरतो. खाणीत सर्वत्र गुळगुळीत गोळे सापडतात, कामगारांना ते निरुपयोगी दगड वाटतात आणि ते फोडले जातात. स्पॉक त्या जखमी प्राण्याच्या मनाशी आपले मन जोडतो, वेदनेने ओरडतो, आणि तेव्हा कळते की ते गोळे म्हणजे अंडी आहेत व हा तथाकथित राक्षस म्हणजे पिल्ले वाचवणारी आई आहे. यानावरचे डॉक्टर मॅकॉय तिच्या जखमेवर चक्क काँक्रीट लिंपून तिला बरे करतात. निवेदकाने ‘अंडी’ हा शब्द एक मिनिट आधी उच्चारला तरी सगळा भाग वाया जाईल. आमच्या काकांनी त्या क्षणी आवाज कमी केला नव्हता, हे मला स्पष्ट आठवते. स्पॉकचे ओरडणे त्यांनी आम्हाला पूर्ण ऐकू दिले आणि मग हलकेच एक वाक्य सांगितले.

या भागानंतर मुलांना अजिंक्यताऱ्यावर न्यावे असेही मनात आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका असते. सिलिकॉन आणि कार्बन आवर्तसारणीत एकाच गटात, एकाखाली एक बसतात, आणि म्हणूनच विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना सिलिकॉनच्या जिवाची कल्पना सुचते. हे मुलांना खडकावर हात ठेवून सांगता आले, तर ते वर्गातल्या फळ्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

दुसऱ्या रविवारी ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ दाखवावा असा विचार आहे. केसाळ, गोंडस आणि झपाट्याने वाढणाऱ्या त्या प्राण्यांना भाषा फारशी लागत नाही, त्यामुळे निवेदकालाही त्या दिवशी काम कमी. यात स्पॉक एक हिशेब सांगतो : एका ट्रिबलला दर बारा तासांनी सरासरी दहा पिल्ले झाली, तर तीन दिवसांत त्यांची संख्या १७,७१,५६१ होईल. हा हिशेब अचूक आहे. दर बारा तासांनी संख्या अकरा पट होते, तीन दिवसांत असे सहा टप्पे येतात, आणि अकराचा सहावा घात नेमका एवढाच भरतो. सातवीच्या मुलांनी तो वहीत करून पाहावा.

‘अरीना’ या भागाबाबत मात्र मला सल्ला हवाच आहे. सरड्यासारख्या दिसणाऱ्या गॉर्नशी एकट्याने लढताना कर्क गंधक, कोळसा आणि सोरा मिसळून बंदुकीची दारू बनवतो आणि बांबूच्या नळीची तोफ करतो. शेवटी तो हरलेल्या गॉर्नला मारत नाही, आणि त्या निर्णयासाठी हा भाग दाखवावा असे मला फार वाटते. पण साहित्याची नावे मराठीत मुद्दाम सांगितली तर एखादे चौकस मूल घरी प्रयोग करील, ही काळजी खरी आहे. तेथे निवेदकाने गप्प राहावे, की हा भागच वगळावा? पालक असलेल्या सभासदांनी कृपया स्पष्ट मत द्यावे.

१९६९ मधील ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’ हा भाग मोठ्या मुलांसाठी राखून ठेवला आहे. त्यात दोन माणसांचे चेहरे अर्धे काळे व अर्धे पांढरे असतात आणि ती एकमेकांचा पराकोटीचा द्वेष करतात. एकाची उजवी बाजू काळी आहे आणि दुसऱ्याची डावी, एवढाच काय तो फरक. मालिकेतील सोनेरी, निळे आणि लाल सदरे आमच्या टीव्हीवर सारखेच करडे दिसत, पण हा भाग कृष्णधवल पडद्यावर तसूभरही उणा पडला नाही. तो फरक संवादातून उघड होईपर्यंत वाड्यातल्या कोणाच्याही लक्षात आला नव्हता. निवेदकाने येथेही घाई करू नये. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा भाग अनेकांना सर्वोत्तम वाटतो, मलाही वाटतो, तरीही त्याचा शेवट या वयाला जड जाईल असे वाटून तो मी तूर्त बाजूला ठेवला आहे.

आता दोन तांत्रिक प्रश्न.

पहिला आवृत्तीचा. २००६ पासून या मालिकेची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात यानाची व ग्रहांची मूळ दृश्ये काढून तेथे संगणकावर तयार केलेली दृश्ये बसवली आहेत. ब्लू-रेवर दोन्ही पर्याय मिळतात. मला मूळ दृश्येच दाखवायची आहेत. त्या यानाची अकरा फुटांची खरीखुरी प्रतिकृती हातांनी घडवलेली होती, आणि आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयात आहे. हे सांगितले की मुले त्या यानाकडे वेगळ्या नजरेने पाहतील असा माझा विश्वास आहे. परंतु आजच्या मुलांसोबत ज्यांनी दोन्ही आवृत्त्या पाहिल्या आहेत, त्यांचा अनुभव ऐकून मगच ठरवीन.

दुसरा परवानगीचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक व पालक एवढ्यांपुरता चित्रपट दाखवण्यास सवलत आहे. सार्वजनिक वाचनालयातील विनामूल्य कार्यक्रम त्यात बसतो का, की एखाद्या शाळेच्या वतीने आणि शाळेतच तो घेणे योग्य? वकील मंडळींनी मार्गदर्शन करावे. मला हे रीतसर करायचे आहे.

भर : काही सभासदांनी सुचवले की प्रत्येक भागापूर्वी पात्रांची ओळख करून द्यावी. ही सूचना मी स्वीकारली आहे, आणि यानावरील संदेशवहन अधिकारी उहुरा हिची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांच्याबद्दल त्यात आवर्जून सांगणार आहे. १९९२ मध्ये अवकाशात गेलेल्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकन महिला, मे जेमिसन, यांनी उहुरापासून प्रेरणा घेतल्याचे सांगितले आहे, आणि आमच्या गटात निम्म्याहून अधिक मुली आहेत. सांगलीहून ज्यांनी निवेदन करायला येण्याची तयारी दाखवली त्यांचे आभार. त्यांनी ‘डेव्हिल इन द डार्क’ एकदा पूर्ण पाहून, आपण कोठे बोलाल आणि कोठे थांबाल, त्या जागा वेळेसह व्यक्तिगत निरोपातून कळवाव्यात. माझे टिपण मी त्यांना पाठवत आहे. इतर कोणी एखाद्या भागाचे निवेदन लिहून देणार असेल तर त्यांनी भागाचे नाव येथेच कळवावे, म्हणजे एकाच भागावर दोघांचे श्रम पडणार नाहीत.