विषय: कॅटेगरी ३च्या चक्रीवादळाला घर सोडायचं का?

नमस्कार मंडळी,
आम्ही मे महिन्यात न्यू ऑर्लिन्सला आलो. नागपूरहून आई-बाबा आलेत, बाबांचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. शेजारचे म्हणतात, कॅटेगरी ३पर्यंतच्या वादळाला ते घर सोडत नाहीत. बाबांना दहा-बारा तास गाडीत बसवण्यापेक्षा आम्हीही थांबलो तर चालेल का?

*

बाळा,
नाही चालणार. मी आता नागपुरात धरमपेठेत राहते, पण २००५ साली तुमच्याच गावात होते म्हणून लिहून राहिले. कॅटरिना वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा तेही ३चंच होतं.

तो आकडा फक्त वाऱ्याचा. पाणी किती येईल ते त्यात नसतं. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर समुद्र जवळजवळ २८ फूट चढला होता. आणि शहर बुडालं ते कालव्यांच्या भिंती फुटल्यामुळे. सतराव्या रस्त्याच्या कालव्याची भिंत तर पाणी वरून ओसंडायच्या आधीच खालच्या मऊ मातीसकट सरकली. गाव वाटीसारखं, आत आलेलं पाणी पंपाशिवाय निघत नाही. ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं, उपसायला ऑक्टोबर उजाडला.

२८ ऑगस्टला, रविवारी सकाळी, शहर सोडायचा आदेश निघाला आणि आम्ही ह्यूस्टनला निघालो. समोरच्या आजी थांबल्या. त्यांच्याकडे गाडी नव्हती, आणि १९६५च्या बेट्सी वादळात त्यांचं घर वाचलं होतं. मी एकदा विचारलं, त्या नको म्हणाल्या, मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. परतलो तेव्हा त्यांच्या दारावर बचाव पथकानं स्प्रेनं मोठी फुली मारलेली होती. घरात किती मृत सापडले तो आकडा फुलीच्या खाली लिहितात. तिथे १ होता. माझ्या गाडीची मागची सीट रिकामी गेली होती.

इथे समुद्र नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो. २०२३ला महालक्ष्म्यांचं जेवण आटोपून सगळे झोपले आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. डागा लेआउटमध्ये माझ्या बहिणीचा हात झोपेत खाटेखाली लोंबला तो पाण्यातच. भाऊजींनाही गुडघ्याचाच त्रास. अंधारात त्यांना उचलून जिन्यावर नेता नेता दोघं पोरं रडकुंडीला आली. तुमच्या घराला वरचा मजला आहे का? नसला तर बाबांना कुठे नेणार? कॅटरिनात कित्येक जण माळ्यावर चढले आणि तिथेच अडकले. तिकडची जुनी माणसं माळ्यावर कुऱ्हाड ठेवतात ती छप्पर फोडून निघण्यासाठी.

आदेशाची वाट पाहू नका. एक दिवस आधी निघा, रस्ते मोकळे असतात, दर दोन तासांनी बाबांचे पाय मोकळे करता येतील. गोळ्या महिनाभराच्या घ्या.
आणि गल्लीत गाडी नसलेलं कोण आहे ते आजच बघून ठेव.
काकू

*

ह्यूस्टनहून लिहितोय. आमच्याकडे खालची खोली आणि बाथरूम रिकामं आहे, बाबांना जिना चढावा लागणार नाही. रात्री-अपरात्री कधीही या.

*

काकू, दादा, खूप आभार. आमचं घर एकमजलीच आहे. कोपऱ्यावरच्या आजोबांकडे गाडी नाही. आधी नको म्हणाले. संध्याकाळी आईला घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा मांजरीला नेणार असाल तर येतो म्हणाले. दादा, मांजर चालेल ना?