ए विंग, बी विंग आणि आमची पोरं

परळची आई:
मे महिन्यात सोसायटीत ए विंग विरुद्ध बी विंग अंडरआर्म क्रिकेट ठेवलं, पाच हजारांचं बक्षीस लावलं. तेव्हापासून माझा नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘बी विंगवाले चीटरच असतात.’ त्याचा पहिलीपासूनचा जिवलग मित्र बी विंगमध्येच राहतो! समेट व्हावा म्हणून सगळ्यांना वडापावला बोलावलं, तर पोरं दोन टोकांना बसली आणि एकमेकांवर पाव फेकले. फार जीव तुटतो. काय करू?

गिरगावकर मास्तर:
ताई, मुलं वाईट नाहीत. बक्षीस एकच होतं. १९५४ साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट केले. सामने सुरू होताच शिवीगाळ, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी. एकत्र जेवायला बसवलं तर तिथेही अन्नाची फेकाफेकी! फरक पडला तो मुद्दाम पाणी बंद केल्यावर, ट्रक सुरूच होत नाही असं भासवल्यावर. रस्सीखेचीचाच दोर बांधून सगळ्यांनी मिळून ट्रक ओढला. तेही एका दिवसात नाही, अशी कामं पुन्हा पुन्हा द्यावी लागली. (जातधर्माच्या भिंती मात्र एवढ्याने पडत नाहीत, तिथे पिढ्यांचा हिशेब असतो.)

लालबागची मावशी:
गणपतीचं मखर पोरांवर सोपवा. कात्र्या एका विंगकडे, पुठ्ठे दुसरीकडे. आणि पुढच्या वेळी संघ चिठ्ठ्या टाकून पाडा गं.

परळची आई:
मावशी, काल मखर सुरू केलं. पहिला तासभर कुणी बोललं नाही. मग पुठ्ठ्याचा खांब कलला आणि माझा ओरडला, ‘अरे, धर ना!’ त्या मित्रानेच धरला.