मदत हवी आहे: हेल्मेट डोक्यावर, पट्टा मोकळाच

नमस्कार मंडळी,

दुचाकीवरून पार्सलं पोचवणारी बावीस मुलं माझ्या हाताखाली आहेत. लायसन्स, इन्शुरन्स सगळ्यांचा आहे, हेल्मेटही प्रत्येकाला दिलंय. घोडं अडतं ते पट्ट्यापाशी. सकाळी निघताना लावतात, दोन-तीन फेऱ्या झाल्या की तो गळ्याशी लोंबायला लागतो. विचारलं तर म्हणतात, "दादा, दर दहा मिनिटांनी उतरायचं, फोन लावायचा, जिना चढायचा. किती वेळा काढ-घाल करू?" खोटं नाही ते. मी हे काम करायचो तेव्हा माझाही लोंबायचाच.

गेल्या महिन्यात एक जण ओल्या रस्त्यावर घसरला. वेग फार नव्हता, पण हेल्मेट आधी उडालं आणि डोकं नंतर आपटलं. टाक्यांवर निभावलं. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो, हे सांगून झालं. माना डोलावतात.

दंडही लावला. आता मी दिसलो की पट्टा लागतो, एवढीच प्रगती!

मूळ दुखणं बहुतेक फेरीमागे मिळणाऱ्या पैशात आहे. ताशी 50 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते, म्हणजे दोन सेकंद मोबाइलकडे पाहिलं की 28 मीटर डोळे मिटून. हे गणित त्यांना पटतं, पण फेऱ्यांचं गणित रोज संध्याकाळी हातात पडतं.

कोणी पैसे द्यायची पद्धत बदलून पाहिली आहे का? आणि पट्ट्याचं काय करू?

प्रतिसाद: पैशांचं जाणकार सांगतील. पट्टा दोन कड्यांतून ओवायचा आहे का? तो घाईत कोणीच लावत नाही. दातेरी पट्टी खटकन बसते तसलं बक्कल बघा, ग्लोव्हज घालूनही लागतं. मापही तपासा: पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकलायचं, निघालं तर ते मोठं आहे. आणि त्या पडलेल्या मुलाचं हेल्मेट बदललंत ना? आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा कामाचा राहत नाही, बाहेरून ते धड दिसलं तरी.

धागाकर्ता: बक्कल दोन कड्यांचंच आहे. आणि ते हेल्मेट... तो आज सकाळी तेच घालून गेलाय. लगेच फोन करतो.