तीर्थनला जाण्यापूर्वी
हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन खोऱ्यात गाईडसोबत फ्लाय फिशिंगला (किड्यासारखा दिसणारा हलका गळ लाइनने, म्हणजे जाडसर दोरीने, फेकून केलेली मासेमारी) जाण्यासाठी काय तयारी करावी, या प्रश्नावर बहुतेकांनी कोणता रॉड (गळाची काठी) विकत घ्यावा हेच सांगितले आहे. माझ्या मते रॉड गाईडकडूनच घ्यावा आणि आपला वेळ सरावाला द्यावा. निघण्याआधी काही आठवडे मोकळ्या मैदानात, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबून मगच पुढे टाकण्याची सवय हाताला लावावी, कारण नवशिक्यांची घाई नेमकी तिथेच होते. काठावर झाडी असेल तर मागे लाइन फेकायला जागाच उरत नाही, म्हणून रोल कास्टही, म्हणजे लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे टाकण्याची पद्धत, शिकून घ्यावा. हिमाचलात ट्राउट माशांच्या प्रजननासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात नदी गढूळ होते; मार्च ते मे किंवा ऑक्टोबर बरा. मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना कोण काढणार, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारावे. पोलराइज्ड चष्मा मात्र स्वतःचा न्यावा: पाण्यावरची चकाकी कमी होऊन मासे आणि तळाचे दगड दिसतात, शिवाय उलट आलेल्या गळापासून डोळे वाचतात.