कापसाच्या ढिगात पिल्लं सापडली, अन् झुलू आठवली. तुमच्या घरच्या अधू मांजरांचे अनुभव सांगा

वणीची लेक
काल कापूस भरायचा म्हणून खोलीचं दार उघडलं, तर मागच्या कोपऱ्यात मनीनं तीन पिल्लं घातलेली. डोळे मिटलेले. तिथंच बसले.

झुलू आम्हाला पांदणीत सापडली होती, पोत्यात बांधून टाकलेली. दीडेक महिन्याची. उभी राहिली की डुलायची, चार पावलांत कलंडायची. खायला वाकली की डोकं वाटीत आपटायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाचत नाही वं हे, काहून जीव लावतं?"

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत बैल, शेळ्या, अन् माझ्या पदरात हे एवढंसं. डॉक्टरांनी नीट तपासलं. म्हणाले, पोटात असताना आईला पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक विषाणूचा आजार झाला असेल, त्यानं पिल्लाचा तोल सांभाळणारा लहान मेंदू पुरता वाढत नाही. याला औषध नाही. पण डुलणं दुखत नाही, पुढं बळावत नाही, अन् आयुष्यही कमी होत नाही.

मग आम्हीच शिकत गेलो. फरशीवर पाय घसरायचे, सारवलेल्या छपरीत नाही, म्हणून छपरी तिची. वाटी विटेवर ठेवली. रेतीच्या टोपल्याची एक बाजू कापून दिली. विहिरीवर जाळी टाकली. अन् खेळणं तर विचारूच नका. पऱ्हाटीचं वाळलं बोंड फेकलं की दहा वेळा पडायची, अकराव्यांदा धरायची, अन् धरलं की आधी माझ्याकडं बघायची.

तुमचं सांगा.

संत्राबाग
आमचा राजा आंधळा आहे. आणला तेव्हा दोन्ही डोळे पुवानं चिकटलेले. कोमट पाण्याच्या बोळ्यानं रोज पुसले, पण उशीर झाला होता. कुटारातला उंदीर कानानंच धरतो. खाट सरकवली की आठ दिवस अडखळतो, म्हणून दिवाळीच्या सफाईतही खाट जागची हलत नाही. बाकी मग लिहिते, भाकर तव्यावर आहे

कडूनिंब
ताई वणीकडं कापूस दिला का? आमचा घरातच हाय, भावाची वाट पाहून ऱ्हायलो

पांदण
मी एक सांगतो, अजून जीव जळते. पिल्लाले पिसवा झाल्या म्हणून म्हशीचं गोचिडाचं औषध चोळलं. रात्री थरथर सुरू झाली, पहाटे गेलं. त्यातलं पर्मेथ्रिन मांजराले विष हाय हे मले मागाहून समजलं. पॅरासिटामोलची गोळीही तशीच. ताप वाटला तरी देऊ नका बाप्पा.

संत्राबाग
दादा, तुम्ही बरं करायलाच गेले होते. लिहिलं ते चांगलं केलं. आमच्या कोठ्यातही तीच बाटली आहे, आज वर ठेवते.

मोहफूल
आमचं घर माळकरी. मांजर दूध-भाकरीवर, सारखी हगवण. डॉक्टर म्हणाले गाईचं दूध पिल्लांना पचत नाही, अन् मांस-मासळी अजिबात नसली तर टॉरिन, म्हणजे मांजराला लागणारं एक पोषक द्रव्य, मिळत नाही, त्यानं डोळे अन् हृदय दोन्ही खराब होतात. घरात कसं सांगू म्हणून दोन दिवस गप्प राहिले. सासूबाईंनीच विचारलं. आता त्या स्वतः अंगणातल्या चुलीवर मासळी उकडतात. भांडं वेगळं, पण उकडतात त्याच. मला हात लावू देत नाहीत.

पांदण
मायच्यानं, मोठं मन हाय म्हातारीचं

कडूनिंब
झुलू हाय का अजून?

वणीची लेक
नाही दादा. नऊ वर्षं होती. मागच्या उन्हाळ्यात छपरीतच, झोपेत गेली. तिचं बोंड अजून कोनाड्यात आहे.
कापूस नाही दिला. व्यापाऱ्याला सांगितलं, तो कोपरा सोडून बाकी भरा. पिल्लांचे डोळे उघडायला आठ-दहा दिवस लागतात, मग मनी स्वतःच हलवेल.

मोहफूल
ताई तिघांतलं एक मला ठेवा. डुलणारं निघालं तरी चालेल

कडूनिंब
भंडाऱ्याहून वणी! लय लांब हाय बाप्पा

वणीची लेक
दोन महिने आईपाशी राहू द्या, पहिली लस मी टोचून घेते. मग वरोऱ्यापर्यंत आणून देईन. येताना डालं घेऊन या, झाकणाचं.