शेजारच्या मैदानाचा खो

पुष्कळ जण म्हणतात की मुंबईत शाळेतले खेळ म्हणजे हॅरिस आणि गाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धा, बाकी सगळा पीटीचा तास. १९८८ ची आझाद मैदानावरची सचिन-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी आपणही अजून चघळतोच, पण हे चित्र अर्धंच आहे. आमच्या परळच्या शाळेत बॅट-पॅडचे पैसे होते कुणाकडे? आम्ही खो-खोवाले. अनवाणी पाय आणि फक्कीच्या रेघा, झालं मैदान तयार.

आता तिथलीच एक गोष्ट. खो-खोत आठ जण एकाआड एक उलट तोंडं करून बसतात, नववा पाठलागावर. त्याने मागून पाठीला हात लावून मोठ्याने 'खो' म्हटल्याशिवाय उठायचं नाही, उठलात की फाउल. आंतरशालेय सामन्यात दोन मैदानं एकमेकांना चिकटून आखलेली. मी सहाव्या पाटीवर, म्हणजे रांगेतल्या सहाव्या जागेवर. मागून दणदणीत 'खो' आला आणि मी सुटलो तो थेट बाणासारखा! तो खो शेजारच्या मॅचचा होता. पंचांची शिट्टी, समोरचा गडी आरामात खांब वळून पसार, आणि आमच्या सरांनी कपाळाला लावलेला हात मला अजून दिसतो. त्यानंतर पोरांनी ठरवलं, याला खो द्यायचा तो धपाटा घालूनच. महिनाभर पाठीवर पाच बोटं उमटलेली असायची. आईला वाटायचं, मी वर्गात मार खातोय.